निजलेल्या मारुतीशी भांडण

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची चार बोटं वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली. अंगठा तेवढा राहिला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ज्याला सांगायला जावं तो मध्येच ‘अरेरे’ करतो आणि माझं बोलणं तिथंच अडतं. मला कुणाचं अरेरे तेव्हाही नको होतं, आजही नको. बोटं गेली ती गेली. त्यांच्या मागोमाग माझ्या नवऱ्याचं नाव चाललं होतं, आणि ते मी जाऊ देणार नव्हते.

झालं असं, की दिवाळीच्या आत कंपनीचं पत्र आलं. ‘सुरक्षा यंत्रणा स्वतःहून बंद करून निष्काळजीपणे काम केले’, म्हणून चौकशी. प्रेस मशीनला सेन्सर असतो. वरून दाब येताना मध्ये हात आला की तो मशीन जागच्या जागी थांबवतो. काम भराभर उरकायला माझ्या नवऱ्यानं तोच बंद करून टाकला, असा आळ. मी शाळेत मराठी शिकवते. निबंध तपासून तपासून कसल्याही मराठीची सवय झालीय, पण त्या ‘निष्काळजीपणे’वर नजर जी अडकली ती निघेना. अहो, हा माणूस घरात मिक्सरचं भांडं काढायचं तर आधी भिंतीतली पिन काढतो! चौदा वर्षं त्या लाइनवर नव्या माणसाला कडं, अंगठी, मनगटातला गंडा उतरवल्याशिवाय यानं मशीनला हात लावू दिला नाही. मागून सगळे त्याला ‘म्हातारी’ म्हणायचे. आणि हा निष्काळजी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पण नवरा तोंड उघडेना. ‘सेन्सर कुणी बंद केला?’ असं विचारलं की भिंतीकडं वळायचा. चौकशीच्या दोन तारखा झाल्या. दोन्ही वेळा तो एकच वाक्य बोलून आला, ‘मशीन चालू होतं, मी चालवलं.’ मी गोडीनं विचारलं, रडले, ओरडले, एकदा तर ताट आपटलं. त्याचं आपलं एकच, “जाऊ दे ना. बोटं काय परत उगवणार हैत का?”

आणि त्यावर सगळ्यांचं ते वाक्य. ‘देवाच्या काठीला आवाज नसतो.’ सासूबाई म्हणाल्या, शेजारीण म्हणाली, शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, पट्टी बदलणारी सिस्टरसुद्धा म्हणाली. सूतगिरणी चौकातून दवाखान्यात नेणारा रिक्षावाला आरशात बघून बोलला, “भगवान के घर देर है, अंधेर नहीं, मॅडम.” जो तो देवाच्या वतीनं माझ्याकडं मुदत मागत होता. धीर धर, वेळ आली की तो बघून घेईल. कधी? ते कुणी सांगेना. माझ्या नाकावर तशीही माशी बसत नाही. मी एकदा म्हटलंच, “आई, आवाज नसलेली काठी आणि मुळात नसलेली काठी, यातला फरक ओळखायचा कसा?” सासूबाईंनी कानांवर हात ठेवले आणि दिवा लावायला उठून गेल्या.

तसं मी देव न मानणारी नाही, बरं का. शनिवारचा उपवास लग्नाआधीपासूनचा आहे. मला राग आला तो म्हणूनच. ज्याला ओळखतच नाही त्याच्यावर कोण कशाला चिडेल? आणि तक्रार करायची तर ती थेट साहेबाकडं करावी, शिपायांशी बोलून काय उपयोग? शाळा सुटल्यावर एका शनिवारी रुईच्या पानांची माळ घेतली आणि खुलताबादची बस धरली.

खुलताबादचा मारुती निजलेला आहे. गदा खांद्यावर टाकून उभा नाही की उड्डाणाच्या बेतात नाही. शेंदूर ल्यालेला, चांगला ऐसपैस आडवा. श्रावणात शहरातून लोक पायी लोटतात तिकडं. थंडीतल्या त्या शनिवारी रांग लहान होती. लहानपणापासून मी त्याला तसाच बघत आले, कधी वावगं वाटलं नाही. त्या दिवशी मात्र बघितलं आणि डोकंच फिरलं. मनातल्या मनात बोलायचं ठरवून गेले होते, पण आवाज निघालाच.

“काय रे, झाली का झोप? सगळे सांगतात, तुझी म्हणून एक वेळ असते. मग तारीख दे मला. वार सांग. कोर्टसुद्धा तारीख देतं! ज्यानं चौदा वर्षं दुसऱ्यांचे हात सांभाळले त्याचा हात गेला, वर त्यालाच गुन्हेगार केलं, आणि तू इथं पाय पसरून पडलास? न्याय करणार असशील तर आम्ही जिवंत असताना कर. त्याला कळेल असा कर. पुढच्या जन्मीचा मला नको.”

मागच्या म्हातारीनं पाठीत बोट टोचलं. “बाई, सरका की म्होरं. देव काय तुमच्या एकटीचा हाय का?”

“भांडण चाललंय, संपू द्या,” मी म्हटलं.

“आमचं बी भांडणच हाय. उगं आलो काय इतक्या लांब?” ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि हसू आल्याचाही राग आला. प्रसाद न घेताच निघाले. मग फाटकापासून परत गेले आणि घेतला, कारण उपवास होता आणि भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरी एक माणूस आला. कुणी म्हणेल मारुतीनं धाडला. धाडला असेल तर निरोप फार वाईट देऊन धाडला. तो कंपनीतला फिटर, मशीन बिघडलं की दुरुस्त करणारा, नवऱ्याचा जुना सोबती. पिशवीभर पेरू घेऊन आला, पलंगाच्या कडेला टेकला आणि नवऱ्याच्या हाताच्या पट्टीकडं बघून ढसाढसा रडायलाच लागला.

“दादा, माफ करा. सेन्सर मीच बायपास केला हो.”

“गप,” नवरा म्हणाला.

“नाय दादा, वहिनीला सांगू द्या. वहिनी, सेन्सरवर पूजेचं कुंकू होतं. ते पुसायचं कसं?”

“अरे गप म्हणतो ना!” नवरा कधी ओरडत नाही. तो ओरडला तेव्हा मला कळलं, की काहीतरी माझ्याबद्दलचं आहे.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते. आपल्याकडं शेतकरी नांगर पुजतो, मी वह्या-पुस्तकं पुजते, तसं तिथं मशीन. त्या दिवशी घरच्यांना आत जाता येतं, आणि ज्याचं मशीन त्याच्या बायकोनं पूजा करायची असा त्यांच्या लाइनचा रिवाज आहे. नवऱ्यानं मशीन पुसून लख्ख केलेलं, झेंडूचं तोरण बांधलेलं. मी नवी साडी नेसून ताट घेऊन उभी. हा नारळ आणायला गेला तेवढ्यात मी हळदीकुंकू लावायला घेतलं. पुढच्या पत्र्याला लावलं. मग बघते तर दोन्ही बाजूंना दोन पिवळे खांब, आणि दोन्हींना आतल्या अंगानं काचेची उभी पट्टी. मला वाटलं, हेच याचे डोळे. इतकी वर्षं माझ्या नवऱ्याकडं बघणारे. मोठ्या मायेनं ओलं कुंकू कालवून दोन्ही पट्ट्यांवर वरपासून खालपर्यंत बोटं ओढली. मनात म्हटलं, माझ्या माणसावर लक्ष ठेव रे बाबा. पलीकडच्या एकानं माझ्याच मोबाईलवर फोटोपण काढला. नवरा नारळ घेऊन आला, बघून म्हणाला, “तिथं कशाला लावलंस?” आणि लगेच, “राहू दे, पुसू नको आता.”

त्या पट्ट्या म्हणजेच सेन्सर होता. एका खांबातून न दिसणारा उजेड निघतो आणि दुसऱ्यात जातो. मी दोन्हीकडं कुंकू फासलं होतं.

पुढचं फिटरनं सांगितलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर सकाळच्या पाळीला मशीन सुरूच होईना. लाल दिवा. पाळी संपत आली तेव्हा कुठं फिटरनं शोधून काढलं की काचेवर कुंकू आहे, फडकं हातात घेतलं, तेवढ्यात सुपरवायझर साहेबांनी हात धरला. सवाष्णीनं लावलेलं पूजेचं कुंकू पुसतोस? वर्षाचा अपशकुन करतोस का? दोन-चार दिवसांत आपोआप उडून जाईल, तोवर वायर काढून कर बायपास. भोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारच्या पाळीला माझा नवरा आला. त्यानं विचारलं, की सेन्सर बंद कसा? साहेब म्हणाले, “चालव रे. तुझ्याच बायकोचं कुंकू आहे, तुला काय होतंय!”

“दादांचा बी हात धजला नाय पुसायला, वहिनी. माझा बी नाय,” फिटर म्हणाला. “पण हे मी लिहून देणार नाय. नोकरी जाईल माझी.” पेरू ठेवून तो निघून गेला.

मी नवऱ्याकडं बघितलं. तो खाली बघत बोलला, “म्हणून गप होतो. उद्या लोकं म्हणतील, बायकोनं पूजा केली न् नवऱ्याचा हात गेला. तुला शाळेत तोंड दाखवायचं असतंय. संक्रांतीला कुणी हळदीकुंकवाला बोलावणार नाय तुला. त्यापरीस मी निष्काळजी बरा.”

काय सांगू, आधी मला रडू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ संताप. माझ्यावर एवढी माया, आणि मला विचारायचं मात्र नाही! मी म्हटलं, “माझ्या नावाचा हिशेब तुम्ही परस्पर करायचा नाही. मी सांगणार. मंगळवारच्या तारखेला येऊन सगळं सांगणार.” सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. “नको गं पोरी. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाय. पांढऱ्या पायाची म्हणतील तुला.”

“म्हणू द्या. पायाचा रंग मला माहीत आहे,” मी म्हटलं.

बोलून बसले खरी, पण संध्याकाळी भाकरी थापायला बसले आणि मनात परत तेच सुरू झालं. माझी पूजा! शनिवारचे उपवास, श्रावणातली पायपीट, आणि मशीनच्या डोळ्यांना कुंकू लावलं तर तेवढ्यानं माझ्याच माणसाचा हात? असला कसला देव? एवढी वर्षं जोडलेले हात त्यानं असे वापरले? दोन भाकरी करपल्या. तिसरीच्या वेळी मी नवऱ्याला आतूनच ओरडून विचारलं, “त्या दिवशी मशीन किती वेळ बंद होतं हो?”

“अख्खी पाळी. सकाळी सातपासून तीनपर्यंत. लाल दिवा लागलेला.”

आठ तास! आठ तास ते मशीन हललं नाही. हात नको घालू, हात नको घालू, म्हणून आठ तास लाल दिवा लावून बसलं. मी लक्ष ठेव म्हटलं होतं. त्यानं ठेवलं. नीट दिसेना तर कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, यापेक्षा राखणदारानं आणखी काय करावं? मग माणसं आली, माझ्या कुंकवाच्या पाया पडली आणि राखणदाराची वायर काढून टाकली. कुंकू राहिलं, बोटं गेली. देवाचा मान ठेवायचा म्हणून देवाचंच ऐकलं नाही. त्यात मीही आले, माझा नवराही आला. तवा उतरवता उतरवता माझा देवावरचा राग निम्मा उतरला, आणि तो निम्मा सरळ वाळूजच्या दिशेनं गेला.

‘धीर धर’वाल्यांना मी तेव्हापासून एकच उत्तर देते. देवाची वेळ देवाला ठाऊक. मंगळवारी सकाळी अकरा ही माझी वेळ होती.

कंपनीच्या ऑफिसात लांब टेबल. चौकशी करायला बाहेरून नेमलेले एक वकील साहेब, लिहून घेणारी एक मुलगी, कंपनीतर्फे सुपरवायझर साहेब, कपाळाला अष्टगंध. नवऱ्याच्या बाजूनं त्याचा एक सहकारी आणि साक्षीदार म्हणून मी. नवरा शेजारी मान खाली घालून बसलेला. मी आपली वर्गात उभी राहते तशी उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. कुंकू मी लावलं. अमुक ठिकाणी लावलं. त्यानं मशीन बंद पडलं. ज्यांनी ते पुन्हा सुरू केलं, त्यांनी सेन्सर बंद करायला लावला. माझ्या नवऱ्यानं वायरला हात लावलेला नाही. लोकांनी काय म्हणायचं ते मला म्हणावं, त्याला निष्काळजी म्हणायचं नाही.

सुपरवायझर साहेब हसले. “मॅडम भावनेच्या भरात बोलताहेत. मिस्टरांना वाचवायला माणूस काय करत नाही? सेन्सरवर काही नव्हतं.”

मी मोबाईल टेबलावर ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला? फोटोत मी होते, ताट होतं, आणि दोन्ही काचांवर लालभडक पट्टे होते. वकील साहेबांनी चष्मा वर करून फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, “हा पूजेच्या दिवशीचा. त्यानंतर पुसून घेतलं असेल.” आणि सुपरवायझरकडं वळून, अगदी सहज, “काम सुरू करायच्या आधी पुसून घेतलं होतं ना हे?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तो हो म्हणाला असता की सगळं संपलं असतं. फोटो गेला, मी गेले, नवरा गेला.

“पुसून?” सुपरवायझर साहेब दचकलेच. “नाय हो साहेब, पूजेचं कुंकू कसं पुसणार? सवाष्णीनं लावलेलं...” आणि मध्येच थांबले.

“मग मशीन चाललं कसं?” वकील साहेबांनी विचारलं.

लिहून घेणाऱ्या मुलीनं वर बघितलं, मग खाली बघून लिहायला लागली.

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत आता लोक सांगतात, बघा, देवाची काठी पडली की नाही! सासूबाई तर येईल त्याला सांगतात. सांगू देत. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या माणसानं दोन महिने बिनदिक्कत खोटं रेटलं, पण तेवढं एक खोटं त्याच्या तोंडून निघेना. ते कुणी अडवलं, मला माहीत आहे, आणि मी हात जोडते. पण त्या टेबलापाशी तो प्रश्न यायला मला तिथं जावं लागलं. मी घरी बसून धीर धरला असता, तर देव तिथं एकटा काय करणार होता? मला शाळेत एक-दोघी अजून टाळतात. संक्रांतीला शेजारणीनं बोलावलं नाही. मीच गेले, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि म्हटलं, गोड बोला. फिटरनं पुढच्याच आठवड्यात लिहून दिलं, आणि अहवालात ‘निष्काळजी’ हा शब्द आला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या मंगळवारी मुलीनं चार पानं लिहिली होती. नवऱ्याचं पहिलं म्हणणं खोडून, त्यानं शेवटी तोंड उघडून सांगितलेलं, खरं. खाली त्याची खूण हवी होती. तिनं शाईचा पॅड उघडून त्याच्यापुढं सरकवला. आधीच्या दोन तारखांना त्यानं अंगठाच दिला होता. बीकॉम झालेला माणूस, पण त्या हातानं पेन धरता येत नव्हतं.

त्यानं पॅडचं झाकण लावलं आणि डाव्या हातानं वकील साहेबांच्या समोरचं पेन उचललं.

“अहो, अंगठा चालेल,” साहेब म्हणाले.

“नाय. नाव लिहितो.”

मी शाळेत गेल्यावर तो घरी एकटा काय करायचा, ते मला तेव्हा कळलं. पहिलं अक्षर तिरपं आलं, दुसरं ओळीच्या खाली उतरलं. कपाळावर घाम. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, खुर्ची मागं सरकवली आणि उठायला लागले.

नवऱ्यानं मान वर केली नाही. “वेळ लागंल साहेब,” तो म्हणाला. “बसा.”

साहेब बसले. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं, चारही पानांवर, आणि ते होईस्तोवर कुणीच उठलं नाही.